पांझरेकाठचा फड

ज्या गावाला पाट आहे, त्या गावात पाटाच्या तोंडाशी ज्याचे शेत आहे तो आणि पाटाच्या शेवटास ज्याचे शेत आहे तो, हे दोघे एकाच पाण्याचे वाटेकरी असूनही त्यांचे दैव एक नसते. पहिल्याच्या शेतात पाणी आपल्या पायाने येते. दुसऱ्याला पाणी सुटल्याची बातमी अगोदर कळते आणि पाणी मागाहून मिळते. कधी कधी मिळतही नाही. सरकारी कालव्यावर या दुसऱ्यास 'टेलचा शेतकरी' म्हणतात. शब्द इंग्रजी असला तरी तो आता खेड्यापाड्यांत इतका रुळला आहे की त्यामागचे दुःख वेगळे समजावून सांगावे लागत नाही. रात्री कंदील घेऊन दार फिरविणारे, बारा फोडणारे, त्यावरून भावाभावांत होणाऱ्या मारामाऱ्या आणि पुढे कोर्टात वर्षानुवर्षे चालणारे खटले, हे सारे या दोन टोकांमधील अंतरातून उद्भवते. पाणी मुबलक असले तरी ते टळत नाही, कारण पाणी जितके अधिक तितका पहिल्याचा हात सैल.

यावर निरनिराळ्या देशांत निरनिराळे उपाय झाले. कोठे पंच नेमले, कोठे घटिकापात्रे बसविली, कोठे कायदे केले. आमच्या खानदेशातील शेतकऱ्यांनी जो उपाय शोधला तो मला अधिक मुळाशी जाणारा वाटतो. त्यांनी पाण्याची वाटणी करण्यापूर्वी जमिनीची मांडणी केली. या व्यवस्थेला फडपद्धती म्हणतात, आणि पांझरा, मोसम व आराम या तीन नद्यांच्या काठी ती सुमारे तीनशे ते चारशे वर्षांपूर्वी रूढ झाली असावी असे मानले जाते.

या तिन्ही नद्या तापीच्या खोऱ्यातल्या. पांझरा सह्याद्रीच्या फाट्यातून साक्री तालुक्यात उगम पावते. पिंपळनेर, साक्री आणि धुळे या गावांवरून वाहत जाऊन ती उत्तरेकडे वळते आणि तापीला मिळते. मोसम मालेगावाजवळ गिरणेत शिरते. आराम सटाण्यावरून येऊन त्याच गिरणेला मिळते, आणि गिरणा शेवटी तापीलाच. या नद्यांचे वरचे खोरे डोंगराळ असून त्यांचा उतार बऱ्यापैकी तीव्र आहे, पात्र खडकाळ आहे, आणि दोन्ही अंगांस काळ्या मातीच्या चिंचोळ्या पट्ट्या आहेत. मोठे धरण बांधण्याचे सामर्थ्य नसलेल्या लोकांना अशी नदी फार सोयीची. पात्रातील खडकाचा आधार धरून दगडचुन्याचा बुटका बंधारा घालावा; तो पाणी साठवीत नाही, केवळ थोडे उचलून बाजूच्या कालव्यात वळवितो. पूर आला की तो बंधाऱ्याच्या डोक्यावरून निघून जातो. मैल दोन मैलांवर दुसऱ्या गावाचा बंधारा असतो. वरच्या शेतांतून झिरपलेले, ओसंडलेले पाणी पुन्हा नदीत येते आणि खालच्या बंधाऱ्याला मिळते. अशी बंधाऱ्यांची माळच नदीच्या अंगावर पडलेली असे.

हे बंधारे कोणी बांधले याविषयी लोकांत अनेक कथा आहेत. कोणी फारुकी सुलतानांचे नाव घेतात, कोणी त्याहून मागे जातात. फारुकींची सत्ता खानदेशावर दोन शतके राहिली आणि १६०१ साली अकबराने असीरगड घेतल्यावर ती संपली. त्यांच्या राज्यात बागायतीला उत्तेजन मिळाले असणे संभवनीय आहे. परंतु बंधारा बांधणे ही राजाची गोष्ट असली तरी तो शतकानुशतके टिकविणे ही राजाची गोष्ट नव्हे. १८०२ साली यशवंतराव होळकरांच्या फौजांनी खानदेश लुटला आणि पाठोपाठ १८०३-०४ चा भयंकर दुष्काळ आला. इंदूरच्या आमच्या वाचकांना हे वाक्य कडू लागेल, पण इतिहासाला इलाज नाही. गावेच्या गावे ओस पडली. १८१८ साली कॅप्टन ब्रिग्ज कंपनीच्या वतीने खानदेशाचा कारभार पाहू लागला तेव्हा त्याच्यापुढे आलेला प्रांत अर्धा रान झालेला होता. फुटक्या बंधाऱ्यांचे अवशेष पुढे कित्येक वर्षे जागोजाग दिसत. असे असूनही ज्या गावी माणसे परतली त्या गावी फड पुन्हा उभे राहिले, म्हणजे बंधारा पडला तरी रीत लोकांच्या ध्यानात राहिली होती.

आता ती रीत पाहू. बंधाऱ्यापासून निघालेला मुख्य कालवा दोन किलोमीटरांपासून बारा किलोमीटरांपर्यंत लांब असे. त्यातून चाऱ्या निघत, चाऱ्यांतून सारंग म्हणजे शेताशेताला जाणारे बारीक पाट, आणि जास्तीचे पाणी नदीकडे काढून देण्यासाठी 'सांडम' ठेवलेली असत. कालव्याच्या पाण्याखाली येणारी जमीन ठरलेली असे, तिला 'कायम बागायत' म्हणत. ही कायम बागायत बहुधा चार भागांत विभागली जाई, आणि असा एकेक भाग म्हणजे फड. फड लहान असला तर दहा हेक्टरांचा, मोठा असला तर दोनशेचा. सामान्यतः शंभर-सव्वाशे हेक्टरांचा.

एवढ्यावरून यात विशेष ते काय, असे वाचकाला वाटेल. विशेष असे की सर्वसाधारणपणे प्रत्येक खातेदाराची जमीन एकाच ठिकाणी एकगठ्ठा नसून ती प्रत्येक फडात थोडी थोडी विभागलेली असे. ज्याची चार एकर बागायत, त्याचा एकेक तुकडा चारही फडांत. आणि एका फडात एका वर्षी एकच पीक. एका किंवा दोन फडांत ऊस लागला तर उरलेल्यांत गहू, हरभरा, भात, भुईमूग अशी हंगामी पिके. पुढच्या वर्षी पाळी बदले. कोणत्या फडात काय लावावयाचे, कोणता फड पडीक ठेवावयाचा, हे गाव बसून ठरवी. नदीला पाणी किती आहे हे त्यावेळी सर्वांच्या डोळ्यांसमोर असे.

या दोन नियमांचे परिणाम फार दूरवर पोचतात. पहिला परिणाम असा की उसाचा नफा आणि पडीकपणाचा तोटा दोन्ही सर्वांच्या वाट्याला जमिनीच्या प्रमाणात येतात. तोंडाशी असलेला खातेदार आपल्या सगळ्या जमिनीत ऊस लावून बसला आणि शेवटचा ज्वारीसाठी आभाळाकडे पाहत राहिला, असे होऊच शकत नाही. एका फडात जो तोंडाशी आहे तो दुसऱ्या फडात शेवटास असतो. दुसऱ्याचे पाणी तोडणे म्हणजे कोठेतरी स्वतःचेच तोडणे. दुसरा परिणाम तुटीच्या वर्षी दिसतो. पाऊस कमी झाला तर प्रत्येकाचे पाणी थोडे थोडे कमी करून सर्वांचीच पिके अर्धवट करपवावयाची नाहीत. एखादा फडच्या फड वगळावयाचा आणि उरलेल्याला पुरे पाणी द्यावयाचे. वगळलेल्या फडात प्रत्येकाचा तुकडा आहे, म्हणून तोटा वाटला जातो; आणि भिजणाऱ्या फडातही प्रत्येकाचा तुकडा आहे, म्हणून घरात दाणे येतात. तिसरी गोष्ट शेतीशास्त्राची. एका फडात एकच पीक असल्यामुळे पाण्याची पाळी सर्वांना एकाच वेळी लागते, भाताच्या शेजारी हरभरा कुजत नाही, आणि उसाखालची जमीन पुढच्या वर्षी हलक्या पाण्याच्या पिकाखाली येऊन विसावा घेते. अति पाण्याने जमिनी चोपण होण्याचा जो रोग मोठ्या कालव्यांच्या प्रदेशात पुढे पसरला, तो या फडांत फारसा शिरला नाही.

पाणी देण्याचे काम खातेदाराकडे नसे. त्यासाठी पाटकरी असे. चारीचे तोंड उघडणे, शेतामागून शेत भिजवीत जाणे आणि बारा बंद करणे हे त्याचे काम. मालकाने शेतावर उभे राहून 'अजून थोडे' म्हणावे अशी सोय नव्हती. पिकाची राखण करण्यास जागल्या असे, कारण सलग फडाला कुंपण परवडत नाही आणि एका बाजूने गुरे शिरली तर ती सगळ्यांच्याच पिकात शिरतात. या दोघांवर देखरेख करणारा हवालदार, आणि त्या सर्वांवर पंच. चाकरीचा मोबदला धान्यात, पिकाच्या खळ्यावरच मिळे. हंगामापूर्वी कालव्यातील गाळ काढावयाचा, बंधाऱ्याची पडझड दुरुस्त करावयाची, आणि त्यासाठी ज्याची जितकी जमीन त्याने त्या प्रमाणात माणसे पाठवावयाची. जो पाठविणार नाही त्याच्या नावे दंड. लिहिलेले असे फार थोडे. बहुतेक कारभार तोंडी, पण तोंडी असल्याने तो सैल होता असे मात्र नाही.

'फड' हा शब्दही मोठा अर्थपूर्ण आहे. तमाशाचा फड, उसाचा फड, पंढरीच्या वारकऱ्यांचा फड. जेथे पुष्कळ लोक एका कामासाठी एका शिस्तीने जमतात तेथे मराठी माणूस हा शब्द योजतो. सरकारी खात्याने आपले नाव 'पाटबंधारे' असे ठेवले तेव्हा त्यातील पाट आणि बंधारा हे दोन्ही शब्द लोकांकडूनच घेतले. फड मात्र घेतला नाही. तो शब्द घेण्याजोगा होता, आणि एका मोठ्या माणसाने त्यातील तत्त्व घेतलेही होते, असे मानण्यास जागा आहे.

१८८४ साली पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधून नुकताच बाहेर पडलेला एक तरुण इंजिनिअर मुंबई सरकारच्या नोकरीत शिरला. पहिल्या कामांपैकी एक म्हणून त्यास खानदेशात साक्रीजवळच्या दातर्ती गावी पाठविण्यात आले. पांझरेच्या एका प्रवाहाखालून नळ घालून पाणी पलीकडे न्यावयाचे होते. काम ऐन पावसाळ्यातले. नदीला पूर येत, काम बंद पडे. हा तरुण म्हणजे मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. पुढे म्हैसूरचे दिवाण आणि १९५५ साली भारतरत्न झालेल्या या पुरुषाच्या कर्तृत्वाचा आरंभ फडांच्या नदीवर झाला, ही गोष्ट आमच्याकडे फारशी कोणी सांगत नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी विश्वेश्वरय्यांकडे नीरा कालव्याचा प्रश्न आला. भाटघरच्या धरणाच्या पाण्यावर चालणाऱ्या या कालव्याची गत अशी होती की पाऊस बरा झाला तर शेतकरी पाणी घेत नसत, आणि अवर्षण पडले की सगळेच एकदम धावत. उसाच्या बागाईतदारांनी मात्र बारमाही पाणी ओढून काही जमिनी चिबड करून टाकल्या होत्या, आणि शेजारच्या गावांना थेंब मिळत नव्हता. विश्वेश्वरय्यांनी असे सुचविले की पाणी थोड्या गावांत न जिरविता अनेक गावांत ठरावीक गटांना द्यावे. प्रत्येक गटात सुमारे एकतृतीयांश भागातच ऊस असावा, उरलेल्यांत हलक्या पाण्याची पिके असावीत, आणि दरवर्षी पाळी बदलावी. पाण्याची मंजुरी बऱ्याच वर्षांसाठी एकदम द्यावी, म्हणजे शेतकऱ्याला भरवसा राहील. हीच 'ब्लॉक पद्धती'. १९०१ ते १९०३ या काळात हिंदुस्थानच्या इरिगेशन कमिशनपुढे ती मांडली गेली आणि १९०३-०४ च्या सुमारास नीरेवर ती सुरू झाली. प्रथम लोकांनी तिला विरोध केला, मागाहून ती मानवली. फडाशी असलेले तिचे साम्य अनेक अभ्यासकांनी नोंदविले आहे. पांझरेवर काम केलेल्या माणसाला ते साम्य ठाऊक नसेल असे मला तरी वाटत नाही.

पण साम्य सांगितले तसा भेदही सांगितला पाहिजे. ब्लॉक पद्धतीत पिकांची पाळी आली, पाण्याचा हिशेब आला, खात्रीही आली. पाटकरी मात्र आला नाही. त्याच्या जागी सरकारी कारकून आला, आणि प्रत्येक शेतकरी आपला अर्ज घेऊन एकेकटा त्याच्या दाराशी उभा राहिला. फडात चूक झाली तर शेतकरी पंचांना जाब विचारी. कालव्यावर चूक झाली तर त्याने दरखास्त करावयाची. एका रीतीतील शास्त्र उचलून नेता येते. ज्या संबंधांवर ती रीत उभी असते ते मात्र बरोबर येत नाहीत.

गोमंतकीय वाचकांना हे सारे परके वाटणार नाही. गावकरीने राखलेल्या खाजन जमिनी त्यांच्या ओळखीच्या आहेत. तेथे प्रश्न उलटा: खानदेशात गोडे पाणी आत आणावयाचे, खाजनात खारे पाणी बाहेर ठेवावयाचे. भरती आली की आपोआप मिटणारी आणि ओहोटीला उघडणारी मानशीची दारे, मैलोगणती बांध, आणि एका ठिकाणी बांध फुटला तर सगळ्यांचेच शेत खारे होईल ही जाणीव. १५२६ साली अफोन्सु मेशिया याने गावकरांच्या चालीरीती 'फोराल'मध्ये लिहून काढल्या तेव्हा त्या आधीच जुन्या झाल्या होत्या. शेतांच्या पावणीतून आलेल्या पैशातून बांध राखावयाचा आणि उरलेले गावकरांना 'जोण' म्हणून वाटावयाचे, ही व्यवस्था फडाची सख्खी बहीण म्हणावी अशी आहे. आणि तिची वैगुण्येही त्याच घराण्यातली. जोण गावकराला; नांगर धरणाऱ्या कुळाला नाही. १९६४ चा कूळकायदा आणि त्याला १९७६ साली झालेली पाचवी दुरुस्ती यांनी कुळाला न्याय दिला, तो देणे अवश्यच होते. बांध राखण्याची जबाबदारी कुळांच्या संघांवर आली. ती सर्वत्र नीट निभावली गेली नाही, हे पुष्कळ ठिकाणी खाऱ्या पाण्याखाली गेलेल्या शेतांकडे पाहून कोणासही कळेल.

फडाचे गोडवे गाणाऱ्यांनी येथे थोडे थांबले पाहिजे, आणि त्यांत मी स्वतःलाही धरतो. फडातील न्याय हा कायम बागायतीच्या बांधापाशी संपत होता. बांधाच्या आत सारे समान, म्हणजे आपापल्या जमिनीच्या प्रमाणात समान. ज्याच्याकडे वीस एकर त्याला वीस एकरांचे पाणी, ज्याच्याकडे एक त्याला एकाचे. बांधाबाहेरच्या जिरायतवाल्याला काही नाही. आणि जो पाटकरी सगळ्या गावाची शेते भिजवी, त्याची स्वतःची जमीन नसेल तर त्या पाण्यावर त्याचा कसलाही हक्क नव्हता. पाणी जमिनीचे आहे, हे फडाने गृहीत धरले होते. ते माणसाचे का असू नये, हा प्रश्न फडाच्या पंचांपुढे कधी आला नाही.

तो प्रश्न स्पष्टपणे विचारला गेला पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे. १९७२ च्या दुष्काळाने हादरून गेलेले पुण्याचे इंजिनिअर-उद्योजक विलासराव साळुंखे यांनी तेथील देवस्थानची सुमारे चाळीस एकर माळजमीन पन्नास वर्षांच्या कराराने घेतली, उतारावर ताली घातल्या, पायथ्याशी पाझर तलाव केला आणि पाणी वर उचलले. १९७४ साली ग्राम गौरव प्रतिष्ठान निघाले आणि तेथून 'पाणी पंचायत' उभी राहिली. तिचे नियम थोडे पण धारदार होते. पाणी शेतकऱ्यांच्या गटाला, एकट्याला नाही. वाटा जमिनीवर न ठरता घरातील माणसांवर ठरे: माणशी अर्धा एकर भिजेल एवढे, आणि कुटुंबाला अडीच एकरांहून अधिक नाही. भूमिहीनालाही वाटा. ऊस लावावयाचा नाही. जमीन विकली तर पाण्याचा हक्क जमिनीबरोबर जात नाही, तो पंचायतीकडे परत येतो. आणि योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा शेतकऱ्यांनी स्वतः उभा करावयाचा. सांगली जिल्ह्यातील येरळा नदीवर लोकांनी बांधलेल्या बळीराजा धरणातही पुढे भूमिहीनांच्या वाट्याचे हेच तत्त्व आले. साळुंखे २००२ साली निवर्तले. त्यांच्या योजनांपैकी काही टिकल्या, काही विजेच्या बिलांत आणि पंप नादुरुस्त होण्यात अडकल्या. उपसा योजनेचे पाणी फडासारखे उताराने येत नाही, त्याला दर महिन्याला पैसा लागतो.

२००५ साली महाराष्ट्राने कायदा करून सिंचनाचे व्यवस्थापन पाणीवापर संस्थांकडे देण्याचे ठरविले. संस्थेला पाणी मोजून मिळावे आणि तिने ते आपल्या सभासदांत वाटावे, ही कल्पना ऐकणाऱ्या खानदेशी म्हाताऱ्याला नातवाचे बारसे दुसऱ्याच्या घरी झाल्यासारखे वाटले असेल. त्या कायद्यात सभासदाला पिकाचे स्वातंत्र्य आहे. फडात ते नव्हते. आजच्या माणसाला फडाची ही सक्ती जाचक वाटेल, आणि ती होतीही. पण समान पाणी आणि मन मानेल ते पीक, या दोन गोष्टी तुटीच्या नदीवर एकत्र कशा नांदवाव्यात याचे उत्तर मला कोणत्याही कायद्यात सापडलेले नाही. राज्याराज्यांच्या तंट्यांतही गाडी येथेच अडते. म्हादईच्या लवादाने २०१० पासून २०१८ पर्यंत बसून कोणाला किती पाणी हे ठरविले. ते पाणी घेऊन कोणी काय पिकवावयाचे हा प्रश्न त्या मोजमापाच्या बाहेरच राहिला, आणि बेळगावच्या अलीकडील व पलीकडील वाचकांना त्या निवाड्याने किती समाधान झाले हे मी सांगावयास नको.

पांझरा, मोसम आणि आराम यांच्या काठचे फड आता थोडे उरले आहेत, आणि जे आहेत तेही पूर्वीचे नाहीत. मोसमवर हरणबारी, आरामवर केळझर, पांझरेवर लाटीपाडा आणि खाली अक्कलपाडा अशी धरणे झाली. धरणांनी पाणी वाढविले, नाकारण्यात अर्थ नाही. पण पूर्वी नदी वाहत होती तोवर बंधाऱ्याला पाणी होते. आता धरणाचे दार उघडेल तेव्हा आहे, आणि ते केव्हा उघडावयाचे हे फडाचे पंच ठरवीत नाहीत. वाटण्या होऊन तुकडे इतके बारीक झाले की चार फडांत चार तुकडे ठेवणे परवडेना. लोकांनी आपापसांत अदलाबदल करून जमिनी एकत्र केल्या, आणि ज्या दिवशी एखाद्याची सगळी जमीन एका फडात आली त्या दिवशी त्याचे हित शेजाऱ्याच्या हितापासून सुटे झाले. पाटकऱ्याला धान्य देण्याची रीत मोडली, आणि रोख मजुरीवर ते काम करण्यास तरुण माणूस मिळेना.

शेवटचा घाव विहिरींनी घातला. फडाच्या जमिनीत विहीर खणली की थोड्या खोलीवर पाणी लागते, कारण पिढ्यान्‌पिढ्या पाटाने भिजलेली ती भुई आहे. वीज आली, मोटार बसली, आणि ज्याच्याजवळ विहीर आहे तो गाव पडीक ठेवील त्या फडातही ऊस घेऊ लागला. त्याच्या विहिरीत जे पाणी येते ते वरच्या शेजाऱ्याच्या पाळीतून झिरपलेले असते. पंचांच्या बैठकीला तो अजूनही येतो, गाळ काढण्याची आपली वर्गणीही बिनतक्रार देतो, आणि रात्री वीज आली की उठून मोटार सुरू करतो.